नेपच्यून खरंच एवढा गडद निळा आहे का? दूरच्या ग्रहांचे फोटो कसे काढतात आणि कसे बनवतात

शाळेच्या भिंतीवरचा सूर्यमालेचा तक्ता आठवा. सूर्यापासून मोजत गेलं की सगळ्यात शेवटी एक गडद निळा गोळा असायचा. तो नेपच्यून. त्याच्या अलीकडे फिकट, हिरवट युरेनस. परीक्षेत चित्र ओळखायला आलं तर निम्मं काम रंगच करायचा.

जानेवारी २०२४ मध्ये या रंगालाच धक्का बसला. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक पॅट्रिक आयर्विन (सांगलीच्या आयर्विन पुलाशी यांचा काही संबंध नाही) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हबल दुर्बीण आणि चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीची मोजमापं वापरून दोन्ही ग्रहांचे रंग पुन्हा तपासले. नेपच्यून आणि युरेनस जवळपास सारखेच दिसतात, असं त्यातून समोर आलं. दोघेही फिकट हिरवट निळे. नेपच्यून किंचित जास्त निळा, एवढाच काय तो फरक.

मग तक्त्यावरचा गडद निळा कुठून आला? तो १९८९ मध्ये व्हॉयेजर २ या यानाने काढलेल्या फोटोंमधून आला. आणि ते फोटो 'एडिट' केलेले होते.

अशी बातमी आली की खालच्या कमेंट ठरलेल्या असतात. "बघा, आम्ही म्हणत होतो." "सगळं फोटोशॉप आहे." "उद्या म्हणतील चंद्रपण आम्हीच रंगवला." ही माणसं काही अगदीच चुकीचं विचारत नाहीत. फोटोवर काम केलेलं असतं, हे खरंच आहे. अडचण अशी की 'खरा की एडिट केलेला' या प्रश्नात दोनच पर्याय आहेत आणि गुरू-शनीपासून पलीकडचा एकही फोटो त्यातल्या एकात नीट बसत नाही.

यासाठी आधी शिराळ्याच्या जंगलात जाऊ.

चांदोलीतला कॅमेरा

सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्याच्या पश्चिमेला चांदोलीचं जंगल आहे. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प होतो. या जंगलात झाडांना कॅमेरे बांधलेले असतात. समोरून प्राणी गेला की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. त्याला 'कॅमेरा ट्रॅप' म्हणतात. वाघाचे, बिबट्याचे जे रात्रीचे फोटो आपल्या मोबाइलवर फिरतात त्यातले बरेच अशा कॅमेऱ्यांचे असतात.

ते फोटो राखाडी असतात. रात्री कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड टाकतो आणि तोच परत टिपतो, म्हणून रंग येत नाही. पण तो फोटो बघून "बिबट्या राखाडी नसतो, हा फोटो खोटा आहे" असं शिराळ्यात कुणी म्हणत नाही. बिबट्या तिथून गेला होता, हे सगळ्यांना मान्य असतं. कॅमेऱ्याने वेगळ्या उजेडात बघितलं, एवढंच.

अवकाशयानाचा कॅमेरा या ट्रॅपचाच लांबचा भाऊ आहे. एकटाच असतो, माणूस जवळ नसतो, आधी दिलेल्या सूचनांप्रमाणे फोटो काढतो आणि पुष्कळदा डोळ्यांना न दिसणारा उजेड टिपतो. एक मोठा फरक आहे. चांदोलीत वनरक्षक चालत जाऊन मेमरी कार्ड काढून आणतो. शनीजवळच्या यानाचं कार्ड आणायला कोण जाणार?

मुळात फोटो कृष्णधवलच

आपल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा असा एक बारीक फिल्टर बसवलेला असतो. त्यामुळे एका क्लिकमध्ये रंगीत फोटो मिळतो. दूरच्या ग्रहांकडे गेलेल्या बहुतेक यानांत अशी सोय मुद्दामच ठेवलेली नसते. त्यांचा सेन्सर फक्त उजेड किती आला एवढं मोजतो. त्याच्यासमोर एक चाक फिरतं आणि चाकावर वेगवेगळ्या रंगांच्या काचा, म्हणजे फिल्टर असतात. निळी काच पुढे आणून एक फोटो, मग हिरवी काच, मग नारंगी. तिन्ही फोटो कृष्णधवल. पृथ्वीवर ते आल्यावर निळ्या काचेतल्या फोटोला निळा, हिरव्यातल्याला हिरवा असा रंग देऊन ते एकमेकांवर बसवायचे. रंगीत फोटो तयार.

एवढा खटाटोप कशाला? कारण शास्त्रज्ञांना नुसतं सुंदर चित्र नको असतं. मिथेन वायू ठरावीक तरंगलांबीचा उजेड गिळतो. फक्त तेवढाच उजेड आत सोडणारी काच लावली की कुठले ढग उंचावर आहेत आणि कुठले खोल, हे कळतं. मोबाइलच्या कॅमेऱ्याला हे जमणार नाही.

आणि इथेच रंगाचा पहिला घोळ होतो. व्हॉयेजरच्या कॅमेऱ्यात लाल फिल्टरच नव्हता, कारण त्यातली पिक्चर ट्यूब लाल उजेडाला फारशी दाद देत नव्हती. लालच्या जागी नारंगी वापरावा लागला. म्हणजे व्हॉयेजरचा कुठलाही रंगीत फोटो हा 'डोळ्यांना काय दिसलं असतं' याचा काढलेला अंदाज आहे. अभ्यासपूर्ण अंदाज, पण अंदाजच. शिवाय गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आत एक फेरी मारतो. तीन फोटोंच्या मधल्या वेळात ढग सरकलेले असतात, यानही पुढे गेलेलं असतं. ते तिन्ही फोटो जुळवणं हेसुद्धा 'एडिटिंग'च.

केसरबाईंच्या तबकडीतही हीच युक्ती

व्हॉयेजर २ हे यान २० ऑगस्ट १९७७ रोजी निघालं आणि व्हॉयेजर १ त्याच वर्षी ५ सप्टेंबरला. नंबर उलटे वाटतात, पण पहिलं यान जवळच्या मार्गाने जाऊन गुरूला आधी पोहोचणार होतं, म्हणून ते 'एक'.

या दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यात सूरश्री केसरबाई केरकरांनी गायलेली 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. केसरबाई मूळच्या गोव्यातल्या केरी गावच्या. लहानपणी काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या आणि पुढे शाहू महाराजांच्या दरबारचे गायक अल्लादिया खाँसाहेब यांच्याकडे त्यांची खरी तालीम झाली. व्हॉयेजर १ निघाल्यावर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, त्यांचं निधन झालं. ही गोष्ट मराठी वाचकांपर्यंत बऱ्यापैकी पोहोचली आहे. तबकडीवर ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत आणि त्यात मराठीही आहे, हेही अनेकांना ठाऊक असतं.

कमी बोललं जातं ते तबकडीवरच्या फोटोंबद्दल. तिच्यात शंभराहून अधिक चित्रं आहेत. ती छापलेली नाहीत, गाण्यासारखीच आवाजाच्या लहरींत कोरलेली आहेत. कधी कुणा परग्रहवासीयाच्या हाती ही तबकडी लागली तर त्याला त्या लहरींपासून एकेक रेघ आखून चित्र बनवावं लागेल. ते बरोबर बनलं की नाही हे त्याला कसं कळणार? म्हणून पहिलंच चित्र एका वर्तुळाचं आहे. ते लांबट दिसलं तर समजायचं की आपलं काहीतरी चुकलं. रंगीत चित्रंही तीन भागांत आहेत, लाल, हिरवा आणि निळा. रंग जुळवायला मदत म्हणून सूर्यप्रकाशाच्या वर्णपटाचं चित्रही दिलेलं आहे.

म्हणजे जी युक्ती यान पृथ्वीला फोटो पाठवायला वापरत होतं, जवळपास तीच माणसाने परक्यांना फोटो पाठवायला वापरली. तीन कृष्णधवल भाग आणि ते कसे जोडायचे याची खूण.

एका ट्यूबलाइटच्या ताकदीवर

व्हॉयेजरचा एक फोटो म्हणजे ८०० ओळी आणि प्रत्येक ओळीत ८०० ठिपके. एकूण ६ लाख ४० हजार ठिपके. आजच्या भाषेत एक मेगापिक्सेलसुद्धा नाही. प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ मधला एक आकडा, ० म्हणजे काळाकुट्ट आणि २५५ म्हणजे पांढराशुभ्र. यान फोटो पाठवत नाही, ही आकड्यांची रांग पाठवतं.

ती पाठवणाऱ्या ट्रान्समीटरची ताकद साधारण २३ वॅट. आपल्या घरातली एलईडी ट्यूबलाइट २० वॅटची असते. एवढ्या ताकदीचा संदेश नेपच्यूनहून पृथ्वीपर्यंत यायला प्रकाशाच्या वेगानेही चार तासांच्या वर लागत होते आणि पोहोचेपर्यंत तो कमालीचा क्षीण झालेला असायचा. तो पकडायला कॅलिफोर्निया, स्पेन आणि ऑस्ट्रेलियातल्या नासाच्या मोठ्या तबकड्या ६४ मीटरवरून ७० मीटर व्यासाच्या केल्या गेल्या. तेही पुरेना, म्हणून ऑस्ट्रेलियाची पार्क्स दुर्बीण आणि अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या २७ अँटेना जोडीला घेतल्या. (दूरच्या यानाचा क्षीण संदेश पकडण्याचं काम महाराष्ट्रानेही केलंय. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या स्कियापारेली यानाचा संदेश ऐकला होता.)

अंतर वाढलं की वेग घटतो. गुरूपाशी असताना व्हॉयेजर सेकंदाला १ लाख १५ हजार बिट पाठवू शकत होतं, म्हणजे एक फोटो पाऊण मिनिटात. नेपच्यूनपाशी हाच वेग साडेएकवीस हजारांच्या आसपास आला आणि त्याच फोटोला चार मिनिटं लागू लागली.

आणि तरी २०१५ मध्ये प्लूटोजवळून गेलेल्या न्यू होरायझन्सच्या मानाने ही चैनच. त्याचा अँटेना यानाच्या अंगालाच पक्का बसवलेला होता, त्यामुळे प्लूटोकडे कॅमेरा वळवला की पृथ्वीकडे पाठ फिरायची. फोटो काढताना बोलणं बंद. १४ जुलै २०१५ रोजी ते प्लूटोजवळून गेलं आणि साठवलेली माहिती पूर्ण यायला २५ ऑक्टोबर २०१६ उजाडला. पंधरा महिने! सेकंदाला एखाद-दोन हजार बिट एवढाच वेग होता. गावाकडे रेंज नाही म्हणून स्टेटस अपलोड होत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

तिन्हीसांजेच्या उजेडात, धावत्या गाडीतून

उजेडाचाही प्रश्न असतो. नेपच्यून पृथ्वीपेक्षा सूर्यापासून तीसपट लांब. अंतर तीसपट झालं की उजेड तीस गुणिले तीस, म्हणजे नऊशेपट कमी होतो. कल्पना करायची तर शिराळ्याजवळच्या मोरणा धरणाच्या काठावर संध्याकाळी उभं राहायचं. सूर्य डोंगराआड पूर्ण गेल्यावर थोड्याच वेळात, दिवे लागणीच्या सुमाराला जो उजेड असतो, साधारण तेवढा नेपच्यूनवर भर दुपारी असतो.

इतक्या कमी उजेडात फोटो काढायचा तर शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. नेपच्यूनपाशी काही फोटोंसाठी ते पंधरा सेकंद आणि त्याहून जास्त उघडं ठेवलं गेलं. पण यान सेकंदाला १५ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने धावत होतं. पंधरा सेकंदांत ते सव्वादोनशे किलोमीटर पुढे जातं. फोटो फराटल्यासारखाच येणार.

यावर काढलेला उपाय बैलगाडा शर्यतीचे फोटो काढणाऱ्या कुणालाही चटकन कळेल. बैलजोडी समोरून सुसाट जाताना फोटोग्राफर कॅमेरा स्थिर धरत नाही. जोडीच्या वेगाने तो कॅमेरा फिरवत राहतो आणि मध्येच बटण दाबतो. मागची गर्दी फराटते, बैल मात्र स्वच्छ येतात. व्हॉयेजर २ ने हेच केलं, फक्त कॅमेऱ्याऐवजी अख्खं यान हळूहळू फिरवलं.

त्यातही भानगड होती. कॅमेरा ज्या फिरत्या हातावर बसवला होता, तो ऑगस्ट १९८१ मध्ये शनीजवळून जाताना एका दिशेने अडकला होता. वंगण नीट पोहोचत नव्हतं, म्हणून. युरेनस आणि नेपच्यून दोन्ही अजून यायचे होते. इंजिनिअर मंडळींनी पृथ्वीवर तसाच हात बनवून तपासला आणि तो अगदी सावकाश फिरवला तर चालतो, हे शोधून काढलं. १९८६ मधला युरेनस आणि १९८९ मधला नेपच्यून आपण बघितला तो या दुखऱ्या हाताने.

ब्राइटनेस वाढवला आणि ज्वालामुखी सापडला

आता एडिटिंगकडे येऊ.

८ मार्च १९७९. व्हॉयेजर १ गुरूला मागे टाकून पुढे निघालं होतं. जाता जाता त्याने गुरूच्या आयो या चंद्राचा एक फोटो काढला, साधारण ४५ लाख किलोमीटरवरून. तो फोटो विज्ञानासाठी नव्हताच. यान नेमकं कुठे आहे हे तपासायला मागचे तारे दिसावेत, म्हणून काढलेला होता. दुसऱ्या दिवशी जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या लिंडा मोराबिटो या इंजिनिअर त्यावर काम करत होत्या. अंधुक तारा दिसावा म्हणून त्यांनी फोटो उजळवला. आयोच्या कडेला छत्रीसारखा एक मोठा आकार दिसला. आधी वाटलं, मागे दुसरा चंद्र असेल. पण तिथे कुठलाच चंद्र असायला नको होता. कॅमेऱ्यातला दोष असेल का, तेही तपासून झालं.

तो ज्वालामुखीचा फवारा होता, आयोच्या पृष्ठभागापासून जवळपास तीनशे किलोमीटर उंच. पृथ्वीबाहेर जिवंत ज्वालामुखी माणसाने पहिल्यांदाच बघितला. गंमत म्हणजे गुरूच्या ओढाताणीने आयो आतून तापलेला असणार, हे भाकीत करणारा तीन शास्त्रज्ञांचा लेख त्याच महिन्यात, २ मार्चला छापून आला होता.

मूळ फोटोत ते आकडे होतेच. फक्त इतके लहान, की स्क्रीनवर ते काळेच दिसत होते. ब्राइटनेस वाढवल्यावर ते डोळ्यांना दिसले. त्या दिवशी कुणी "मूळ फोटोला हात लावायचा नाही" असा हट्ट धरला असता तर हा शोध निदान त्या दिवशी लागला नसता.

मग नेपच्यूनच्या बाबतीत काय बिघडलं?

तेच तंत्र, तोच हेतू. २५ ऑगस्ट १९८९ रोजी व्हॉयेजर २ नेपच्यूनच्या ढगांपासून साधारण पाच हजार किलोमीटरवरून गेलं. नेपच्यून साध्या नजरेला जवळपास गुळगुळीत, फिका गोळा दिसला असता. वारे, पट्टे, ढग आणि पृथ्वीएवढा मोठा काळपट डाग नीट दिसावा म्हणून कॉन्ट्रास्ट ताणला गेला. डाग दिसला, पांढरे ढग दिसले, तिथले वारे ताशी दोन हजार किलोमीटरपर्यंत वाहतात हे मोजता आलं. १९९४ मध्ये हबलने बघितलं तेव्हा तो डाग गायब होता. म्हणजे १९८९ मधले ते ताणलेले फोटो हाच त्याचा सगळ्यात चांगला पुरावा राहिला.

पण कॉन्ट्रास्ट ताणताना निळाही ताणला गेला. युरेनसचे फोटो मात्र त्याच्या खऱ्या रंगाच्या बऱ्यापैकी जवळ ठेवले गेले होते, त्यामुळे दोघांत नसलेला फरक उभा राहिला. नेपच्यूनचे रंग वाढवलेले आहेत, हे शास्त्रज्ञांना तेव्हाही माहीत होतं आणि फोटोसोबत दिलेल्या माहितीत ते लिहिलेलंही होतं.

मग फोटो पुढे गेला आणि कॅप्शन मागे राहिली.

वर्तमानपत्रांनी फोटो घेतला, पुस्तकांनी घेतला, तक्ते छापणाऱ्यांनी घेतला. तीस-पस्तीस वर्षांत "रंग वाढवलेला आहे" हे वाक्य गळून गेलं आणि "नेपच्यून गडद निळा असतो" एवढंच उरलं. व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधीची ही फॉरवर्डची गोष्ट आहे. जुना फोटो आपल्याच गावचा म्हणून फिरतो तेव्हाही नेमकं हेच घडतं. फोटो खरा असतो, त्याची तारीख-गाव गळून पडलेलं असतं.

दोन्ही ग्रह निळसर का दिसतात, याचं कारण मात्र बदललेलं नाही. त्यांच्या हवेतला मिथेन सूर्यप्रकाशातला लाल भाग गिळतो. युरेनसवर धुक्याचा थर जास्त जाड आहे म्हणून तो अधिक फिका, नेपच्यूनवर तो पातळ आहे म्हणून तो जरासा निळा.

न आलेले फोटो

फसवायचंच असतं तर फोटो हरवले, असं कोण सांगेल? दूरच्या ग्रहांच्या मोहिमांत हरवलेल्या फोटोंच्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि त्या उघड सांगितल्या गेल्या आहेत.

गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाचा मुख्य अँटेना छत्रीसारखा मिटवून ठेवला होता. एप्रिल १९९१ मध्ये तो उघडायची आज्ञा दिली तर छत्री अर्धवट उघडून अडकली. सेकंदाला १ लाख ३४ हजार बिट पाठवायचं ठरलं होतं. छोट्या अँटेनावर भागवावं लागलं आणि सगळ्या युक्त्या करूनही हा वेग सेकंदाला १६० बिटच्या आसपासच पोहोचला. ठरलेल्या फोटोंपैकी पुष्कळसे काढलेच गेले नाहीत. पुढे शास्त्रज्ञांना एकेक फोटो निवडून घ्यावा लागला.

१४ जानेवारी २००५ ची गोष्ट तर जास्त चुटपूट लावणारी. युरोपचं हायगेन्स यान शनीच्या टायटन या चंद्रावर उतरलं. ते आपले फोटो दोन वाहिन्यांवरून वर फिरणाऱ्या कॅसिनीला पाठवत होतं. कॅसिनीवरचा एक रिसीव्हर चालू करायची आज्ञा सूचनांच्या यादीतून राहून गेली. सुमारे सातशे फोटोंपैकी साडेतीनशेच आले, उरलेले कायमचे गेले. आलेल्यांपैकी एकात नारंगी उजेडात गोटे पडलेली जमीन दिसते, नदीच्या पात्रासारखी. ते गोटे दगडाचे नाहीत, बर्फाचे आहेत. गुरूच्या पलीकडे माणसाने यान उतरवलेली ही आजवरची एकमेव जागा.

कॅसिनीने मात्र २००४ ते २०१७ या तेरा वर्षांत शनीजवळून साडेचार लाखांहून जास्त फोटो पाठवले. एन्सेलेडस या चंद्राच्या भेगांतून उडणारे पाण्याचे फवारे त्यात आहेत. तेसुद्धा सूर्य मागे ठेवून, उलट्या उजेडात काढलेल्या फोटोंत ठळक दिसले. चहाच्या कपातली वाफ खिडकीसमोर धरली की दिसते, तसे.

हे फोटो स्वतः बनवून बघता येतात

२०१६ पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानावर जुनोकॅम नावाचा कॅमेरा आहे. मोहिमेच्या मुख्य संशोधनासाठी तो आवश्यक नव्हता, लोकांसाठी म्हणून बसवला गेला. त्याचे फोटो रंगवायला नासाने मोठी टीमही ठेवली नाही. कच्चे फोटो वेबसाइटवर टाकले आणि लोकांना सांगितलं, घ्या आणि बनवा. जर्मनीचे गेराल्ड आइकश्टेट, अमेरिकेचे केविन गिल अशा मंडळींनी त्यातून बनवलेले गुरूचे भोवरे आज वॉलपेपर म्हणून जगभर फिरतात.

या कॅमेऱ्याच्या प्रमुख आहेत कँडिस हॅन्सन. १४ फेब्रुवारी १९९० रोजी व्हॉयेजर १ ने सहा अब्ज किलोमीटरवरून मागे वळून पृथ्वीचा जो ठिपक्याएवढा फोटो काढला, त्याच्या आखणीतही त्या होत्या. त्या फोटोत पृथ्वी एका पिक्सेलपेक्षाही लहान आहे.

जुनोकॅमचा कच्चा फोटो पहिल्यांदा उघडला की निराशा होते. गुरू दिसतच नाही. दिसतात त्या एकाखाली एक रचलेल्या राखाडी पट्ट्या. यान साधारण अर्ध्या मिनिटात स्वतःभोवती एक गिरकी घेतं आणि फिरता फिरता कॅमेरा निळ्या, हिरव्या, लाल फिल्टरमधून पट्टी-पट्टीने फोटो घेतो. या पट्ट्या वेगळ्या करायच्या, एकेका रंगाच्या सलग जोडायच्या, गुरूच्या गोलाईनुसार बसवायच्या आणि शेवटी तिन्ही रंग एकत्र करायचे. ज्यांना एवढं करायचं नाही त्यांच्यासाठी तिथे जोडून ठेवलेले फोटोही असतात. ते मोबाइलमधल्या साध्या एडिटिंग ॲपमध्ये घेऊन कॉन्ट्रास्ट वाढवला तरी काय होतं ते दिसतं. सुरुवातीचा फिका, दुधाळ बदामी गोळा थोड्या वेळात तेलचित्रासारखा भडक होतो. त्यातला एकही भोवरा आपण काढलेला नसतो, आणि असे रंग गुरूजवळ जाऊन कुणालाही दिसले नसते. दोन्ही गोष्टी एकाच फोटोबद्दल खऱ्या असतात.

गुरूजवळच्या किरणोत्सर्गामुळे हा कॅमेराही पुढे खराब झाला. फोटोंत रेघा आणि ठिपके भरले. २०२३ च्या अखेरीस आयोच्या अगदी जवळून जायची वेळ आली, तेव्हा शास्त्रज्ञांनी शेवटचा उपाय म्हणून कॅमेऱ्याचा हीटर पूर्ण चढवला. तापलेल्या सेन्सरमधले दोष काही अंशी भरून येतात, एवढीच आशा होती. सुरुवातीचे फोटो खराबच आले. मग काही दिवस उरले असताना ते सुधारू लागले. ३० डिसेंबर २०२३ रोजी जुनो आयोपासून साधारण दीड हजार किलोमीटरवरून गेलं तेव्हा डोंगरांच्या लांब सावल्यांसकट फोटो स्वच्छ आले.

आता पुढच्या वेळी असा फोटो मोबाइलवर आला की मूळ कॅप्शन शोधायची. 'खरा रंग' असं लिहिलं असेल तर डोळ्यांना साधारण तसंच दिसलं असतं. 'वाढवलेला रंग' म्हणजे रंग तेच, पण ताणलेले. 'कृत्रिम रंग' म्हणजे न दिसणाऱ्या उजेडाला दिसणारा रंग दिलाय. आणि 'कलाकाराची कल्पना' असेल तर तो फोटोच नाही, चित्र आहे. सोशल मीडियावर सगळ्यात जास्त गोंधळ या शेवटच्या प्रकाराने होतो, कारण ती चित्रंही नासाच्याच पेजवरून येतात आणि दिसायला फोटोपेक्षा देखणी असतात.

दोन नवी यानं सध्या गुरूच्या वाटेवर आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेलं नासाचं युरोपा क्लिपर २०३० मध्ये पोहोचणं अपेक्षित आहे आणि एप्रिल २०२३ मध्ये निघालेलं युरोपचं ज्यूस २०३१ मध्ये. ज्यूसच्या कॅमेऱ्यात तेरा फिल्टर आहेत आणि त्यात लालही आहे.